साष्टीच्या पाद्रीची ओवी



पंढरीची वारी करून आपण घरी परततो आणि घरोघर चातुर्मासाची पोथी लागते. कुणाकडे ज्ञानेश्वरी, कुणाकडे नाथांचे भागवत, कुणाकडे महिपतीबुवांचा भक्तिविजय. वाचणारा एक आणि ऐकणारी दहा माणसे. त्यातल्या पाचांना अक्षरओळख नाही, दोघांना ऐकू कमी येते, एखादी म्हातारी भिंतीला टेकून डुलकी घेते. पण पोथी चुकलेली कुणालाच चालत नाही. एक दिवस वाचन राहिले तर तीच म्हातारी दुसऱ्या दिवशी पहिली चौकशी करते.

श्रवणाची ही भूक आपल्या माणसाच्या हाडात किती मुरली आहे, याची साक्ष मला ज्या पोथीत मिळाली ती आपल्या देवाची नाही. तिचे नाव ख्रिस्तपुराण. गोव्यातल्या साष्टी प्रांतात रायतूरला, म्हणजे ज्याला राशोल म्हणतात तिथे, १६१६ साली ती छापली गेली. रचणारा इंग्लंडात जन्मलेला पाद्री, भाषा मराठी, छंद ओवी. आपल्या माणसाने परक्या धर्माचा सिद्धांत वाचून आणि ऐकून कसा शिकला, ते या पोथीत जसे दिसते तसे मला इतरत्र फार दिसले नाही. म्हणून आज हा विषय घेतला आहे. तुमच्यातल्या काहींना तो वारीच्या वाटेवरून बाजूला गेल्यासारखा वाटेल, तरी थोडे अवधान द्या.

आधी काळ समजून घ्या. साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात गेल्यावर सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथली देवळे पाडली गेली. १५६६-६७ हा त्याचा ऐन जोर. कुशस्थळीचा मंगेश तेव्हाच नदीपार प्रियोळला गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला गेली, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळला गेली. आज आपण मोटारीने फोंड्याला जाऊन ज्या देवांचे दर्शन घेतो, ते त्या काळचे निर्वासित देव आहेत. १५६७ साली गोव्यात ख्रिस्ती धर्माधिकाऱ्यांची सभा भरली. हिंदूंचे सण, विधी, पुराणश्रवण यांवर बंधने घालणारे निर्णय तिथे झाले. १५६० पासून धर्मन्यायासन, म्हणजे इन्क्विझिशन, बसलेलेच होते. काही लोक देव घेऊन निघाले. काही राहिले आणि बाटले. जमीन सोडून सगळ्यांनाच निघता येत नाही, हे शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको.

पोथ्यांचेही हेच झाले. जेसुइट पाद्रींच्या त्या वेळच्या पत्रांतच नोंद आहे, की १५५८ च्या सुमारास एका बाटलेल्या ब्राह्मणाने, सरकारची परवानगी घेऊन, सरहद्दीपलीकडच्या एका ब्राह्मणाच्या घरावर जाऊन त्याने वर्षानुवर्षे जमवलेल्या पोथ्या उचलून आणल्या. त्या पाद्रींनी वाचून घेतल्या. आपल्या कथांच्या रोमन अक्षरांत उतरवून घेतलेल्या नकला आजही पोर्तुगालमधल्या ब्रागा गावच्या ग्रंथालयात आहेत. रामायण-महाभारताच्या कथा आहेत, मराठी कवने आहेत. ज्या गोष्टी साष्टीच्या लोकांना ऐकायला मनाई, त्या पाद्री टेबलावर घेऊन अभ्यासत होते. खंडन करायचे तर आधी वाचावे लागते. पण वाचन ही मोठी लबाड गोष्ट आहे. वाचणारा ज्या हेतूने पोथी उघडतो तेवढेच देऊन ती थांबत नाही.

अशा गोव्यात १५७९ च्या ऑक्टोबरात थॉमस स्टीफन्स हा तरुण पाद्री येऊन पोहोचला. इंग्लंडच्या विल्टशायर परगण्यातल्या बुशटन गावचा, जन्म १५४९ च्या सुमाराचा. त्याची एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्या वेळी इंग्लंडात राणी एलिझाबेथचे राज्य होते आणि तिथे कॅथलिक पंथाची उपासना कायद्याने बंद होती. मिस्सा ऐकायची तर चोरून. स्टीफन्सचा जिवलग मित्र थॉमस पाउंड या पंथासाठी तुरुंगात पडला आणि आयुष्याची कितीतरी वर्षे तिथेच राहिला. स्टीफन्स देश सोडून रोमला गेला, १५७५ मध्ये जेसुइट झाला आणि तिथून लिस्बनमार्गे गोव्याला आला. म्हणजे बघा, ज्याची उपासना त्याच्या स्वतःच्या गावी बंद होती, तो माणूस अशा मुलखात धर्म शिकवायला आला जिथे दुसऱ्यांची उपासना त्याच्याच धर्मबांधवांनी बंद केली होती. या योगायोगाबद्दल त्याच्या मनात काही हलले असेल का? हलले असेल असे मला त्याची ओवी वाचून वाटते. मी वकिली करत नाही, कानाला जे लागले ते सांगतो.

तो आल्यावर चार वर्षांनी, १५८३ च्या जुलैत, साष्टीतल्या कुंकळ्ळीला लोकांनी पाच जेसुइटांना ठार मारले. देवळे पाडल्याचा राग होता. पुढे त्या गावच्या प्रमुखांना बोलणी करायला म्हणून असोळणेच्या किल्ल्यात बोलावून पोर्तुगीजांनी मारले. दोन्ही बाजूंचे रक्त त्याच मातीत सांडले. स्टीफन्सने आयुष्याची पुढची पस्तीस वर्षे त्याच टापूत काढली, आणि १६१९ मध्ये तो वारला तोही गोव्यातच. त्याच १५८३ च्या ऑक्टोबरात त्याने भावाला लिहिलेले पत्र उपलब्ध आहे. त्यात इकडच्या भाषांची घडण लॅटिन आणि ग्रीक यांच्या घडणीसारखी आहे, असे निरीक्षण त्याने नोंदवले आहे. युरोपातल्या पंडितांनी या साम्याचे शास्त्र रचायला अजून दोनशे वर्षे होती. याचा अर्थ, कान लावून ऐकणारा माणूस होता.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. नवख्रिस्ती लोकांना धर्म शिकवायचा कसा? पाद्रींकडे त्याची ठरलेली पद्धत होती. त्याला दौत्रीन म्हणत. गुरूने विचारायचे, शिष्याने उत्तर द्यायचे. देव किती? एक. त्यात व्यक्ती किती? तीन. मग श्रद्धासूत्र, प्रभूने शिकवलेली प्रार्थना, दहा आज्ञा, सात संस्कार. मुले ओळीने बसून घोकत. स्टीफन्सने स्वतः असे पुस्तक कोकणीत केले. ते त्याच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये रायतूरलाच छापले गेले आणि कोकणीतले पहिले छापील पुस्तक म्हणून त्याची ख्याती आहे. पाठांतराला मी नावे ठेवणार नाही, आपला हरिपाठही पाठच करतात. पण हरिपाठ चालीवर आहे, आणि त्याच्या मागे गाथा आहे, भागवत आहे, कीर्तन आहे. प्रश्नोत्तरांच्या मागे साष्टीच्या माणसापाशी काहीच उरले नव्हते. जुन्या कथा बंद, नव्या कथा लॅटिनमध्ये.

ख्रिस्तपुराणाच्या आरंभीच हा प्रसंग आला आहे. साष्टीत पाद्रींची शिकवण चालली आहे आणि एक ब्राह्मण पुढे होऊन विचारतो: तुम्ही सांगता ते आज्ञांचे आणि प्रार्थनांचे ठीक आहे, पण आम्हाला आमची पुराणे वाचायला तुम्ही मनाई केली, मग त्यांच्या जागी तुमच्या धर्माचे एखादे पुराण आम्हाला का करून देत नाही? वेळ घालवायला, मनाला विसावा द्यायला, जाणून घ्यायला काहीतरी हवे ना?

हा प्रश्न मी कितीदा वाचला असेन! मागणी किती साधी आहे! तो सिद्धांत नाकारत नाही, मान्यही करत नाही. तो म्हणतो, कथा सांगा. आपल्या फडावर नवा कीर्तनकार उभा राहिला आणि त्याने नुसतेच ब्रह्म-माया सुरू केले, तर मागे बसलेला टाळकरी टाळ खाली ठेवतो आणि दृष्टांताची वाट बघतो. तेच हे. आणि स्टीफन्सचा मोठेपणा असा, की हा प्रश्न त्याने स्वतःच्या ग्रंथात नोंदवून ठेवला. पुराण बंद केल्याची गोष्ट श्रोत्याच्या तोंडून स्पष्ट येऊ दिली.

त्यानंतर तो जे सांगतो ते पुराण दोन भागांचे आहे. पहिल्यात सृष्टीची उत्पत्ती, देवदूतांचा पाडाव, आदम आणि एवा, जलप्रलय, अब्राहाम, मोशे, संदेष्टे. दुसऱ्यात ख्रिस्ताचा जन्म, चरित्र, दुःखभोग, पुनरुत्थान. अध्यायाला तो अवस्वरु म्हणतो. पहिल्या पुराणात ३६, दुसऱ्यात ५९. ओव्या सगळ्या मिळून जवळजवळ अकरा हजार. ज्ञानेश्वरी नऊ हजारांच्या आसपास आहे, यावरून पसारा ध्यानात येईल. छपाईवरचे नाव मात्र पोर्तुगीजच होते आणि त्यात पुराण हा शब्द नव्हता; तारकाच्या या जगात येण्याविषयीचे निरूपण, अशा अर्थाचे ते नाव. वरच्या अधिकाऱ्यांना निरूपण दाखवायचे आणि खाली श्रोत्यांना पुराण वाचायचे, असा तो व्यवहार असावा.

ग्रंथाला गद्य प्रस्तावना आहे, तीही मराठीत. तीत तो भाषेचा खुलासा करतो. ईश्वराच्या गोष्टी सांगायला इथल्या भाषांत मराठीच योग्य वाटली. परंतु शुद्ध मराठी सामान्य माणसाला कळत नाही, म्हणून जुन्या कवीश्वरांचे अवघड शब्द सोडून ब्राह्मणांच्या भाषेतले, म्हणजे कोकणीतले, सोपे शब्द जागोजाग मिसळले, असा त्याचा आशय आहे. दौत्रीन कोकणीत आणि पुराण मराठीत, हे असे का, ते इथे उलगडते. घरात कोकणी, पण पोथीची भाषा मराठी, ही गोव्याची जुनी रीत. पाद्रीने ती बरोबर हेरली. ग्रंथात त्याने मराठीची जी स्तुती केली आहे, ती तर तुमच्या नातवंडांच्या शाळेच्या पुस्तकातही आली असेल. त्यामुळे तिच्याविषयी अधिक बोलत नाही. तेवढेच कौतुक करून लोक थांबतात आणि पुढची अकरा हजार ओवी कोणी उघडत नाही, ही माझी खंत आहे.

शांताराम बंडेलू यांनी १९५६ साली या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती पुण्यात काढली. कीर्तने थांबवल्यावर हाताशी वेळ आला, तेव्हा ती मी मिळवली. पहिले दोन दिवस मनात वाचली, काही जमेना. तिसऱ्या दिवशी ज्ञानेश्वरी ज्या चालीत लावतो त्याच चालीत मोठ्याने लावली, आणि ओवी चालू लागली. तीन चरणांचे यमक, चौथा आखूड चरण श्वास सोडायला. आरंभी नमन आहे, श्रोत्यांकडे अवधानाची मागणी आहे, स्वतःच्या अज्ञानाची कबुली आहे, दृष्टांतामागून दृष्टांत आहेत. काना गावच्या लग्नात द्राक्षारस संपतो, ती शुभवर्तमानातली अकरा-बारा वाक्यांची गोष्ट. पाद्रीने ती अशी फुलवली आहे की वाचताना कोकणातल्या लग्नघराचा वास येतो. घरातल्यांनी माझ्याकडे एकदा वळून पाहिले आणि पुन्हा कामाला लागले. त्यांना वाटले, नेहमीचेच चालले आहे.

ही चाल आपली, पण आतला अर्थ आपला नव्हे, आणि खरा अभ्यास इथून पुढे सुरू होतो. सर्व धर्म एकच सांगतात असे म्हणून टाळी घेणे सोपे आहे. मी पन्नास वर्षे टाळ्या घेतल्या आहेत, त्याची किंमत मला ठाऊक आहे. या पोथीत शब्द ओळखीचा लागला की थांबावे आणि विचारावे, याचा इथे अर्थ काय?

वैकुंठ हा शब्द घ्या. देवाच्या राज्याला पाद्री वैकुंठ म्हणतो. वैकुंठ म्हटले की तुमच्या-माझ्या डोळ्यांपुढे काय उभे राहते, ते साष्टीच्या श्रोत्याच्या डोळ्यांपुढेही उभे राहिले असणारच. शंख, चक्र, गरुड, पायाशी लक्ष्मी. पाद्रीने ते घर घेतले, आतला धनी बदलला आणि तिथे आपला देवबाप बसवला. पण हिंगाची डबी कितीही धुतली तरी वास सोडत नाही. मला वाटते, त्या शब्दापाशी एखादा म्हातारा श्रोता क्षणभर डोळे मिटत असेल. कुणासाठी, ते पाद्रीला कळायला मार्ग नव्हता.

मुक्तीचे आणखी कठीण. आपली मुक्ती म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. त्यांच्याकडे फेराच नाही. जन्म एक, मरण एक, मग न्याय. मग सुटायचे कशातून? पापातून आणि त्याच्या दंडातून. आणि पाप कोणते? तुम्ही काल केलेले तेवढेच नव्हे. पहिला पुरुष आदम याने देवाची एक आज्ञा मोडली. तेव्हापासून मनुष्यजातीच्या मुळालाच कीड लागली, असा त्यांचा सिद्धांत. आपला श्रोता इथे अडणार. बापाने कर्ज केले तर मुलाने फेडावे हे व्यवहारात खरे, पण कर्म ज्याचे त्याने भोगावे हे आपण आईच्या दुधाबरोबर शिकलेले. एकाच्या पापाने सगळे कसे बुडतील? याचे उत्तर त्यांच्या पौल नावाच्या आद्य प्रचारकाने रोमकरांना लिहिलेल्या पत्रात दिले आहे. त्याचे सार असे: एकामुळे सगळे बुडाले म्हणूनच एकामुळे सगळे तरू शकतात. पहिले अर्ध नाकारले तर दुसरे अर्ध उभेच राहत नाही. म्हणून पाद्रीने ख्रिस्तजन्माआधी छत्तीस अवस्वरु खर्च केले. वैद्य रोगाचे नाव सांगितल्याशिवाय औषधाची पुडी बांधत नाही. मला हा सिद्धांत पटला असे नाही. पण तो कुठे उभा आहे आणि कशावर उभा आहे, ते मला या पुराणाने नीट दाखवले. आणि आपल्या तुकोबारायांना तर मुक्तीच नको. त्यांना संतसंग हवा आणि त्यासाठी गर्भवास घडला तरी चालेल. हे त्या पाद्रीला कुणी सांगितले असते, तर त्याला चौथा चरण सुचायला वेळ लागला असता, असे मला गंमतीने वाटते.

तसेच अवताराचे. देव देह धरतो, इथपर्यंत दोघे बरोबर चालतात. पुढे वाटा फुटतात. आपला भगवंत गरज पडेल तेव्हा येतो, मासा होतो, वराह होतो, युगायुगात येतो. त्यांचा एकदाच येतो आणि पुन्हा येईल तो न्यायाच्या दिवशी. त्यांच्या श्रद्धासूत्रात पोंती पिलात या रोमन अधिकाऱ्याचे नाव आहे, ते ख्रिस्ती माणूस आजही प्रार्थनेत उच्चारतो. आपल्या हरिपाठात कुणा सुभेदाराचे नाव नाही. मला प्रथम हे विचित्र वाटले. मग उमगले, की त्यांचा सिद्धांतच तारखेला बांधलेला आहे; अमुक राज्यात, अमुक अधिकाऱ्यासमोर हे घडले असे म्हटल्याशिवाय तो पुरा होत नाही. आपला विठोबा अठ्ठावीस युगे उभा आहे, त्याला पंचांग लागत नाही.

आता एक शब्द असा, की जो पाद्रीने भाषांतरितच केला नाही. देव एक आणि त्यात तीन व्यक्ती, बाप, पुत्र आणि पवित्र आत्मा. बाप आणि पुत्र यांना इथले शब्द मिळाले. तिसऱ्याला तो 'स्पिरिता सांता' असे लॅटिन वळणाचेच नाव ठेवतो. अकरा हजार ओव्या रचणाऱ्याला आत्मा शब्द ठाऊक नव्हता असे थोडेच आहे? उलट तो फार चांगला ठाऊक होता म्हणूनच टाळला असावा. आत्मा म्हटले की आपल्या श्रोत्याला जीवात्मा-परमात्मा आठवणार, अद्वैत आठवणार, आणि तिसरी व्यक्ती त्यात विरघळून जाणार. तीन म्हटले की ब्रह्मा-विष्णू-महेश पुढे येणार. पण उत्पत्ती, स्थिती, लय अशी कामाची वाटणी त्या तिघांत नाही. तिघे मिळून एकच देव, आणि तरी बाप तो पुत्र नव्हे. हे बुद्धीला पेलणारे नाही, असे त्यांचे पंडितही म्हणतात. तेव्हा वैकुंठ घेण्याचे धाडस ज्याने केले त्याने आत्मा घेण्याचे केले नाही. कुठला शब्द उसना घ्यावा आणि कुठला आपला राखावा, याचा असा विवेक भाषांतर करणाऱ्या फार थोड्यांना साधतो.

एका जुन्या श्रोत्याशी याविषयी बोलणे झाले, तेव्हा ते जरा रागानेच म्हणाले, "बुवा, ज्यांनी आपले देव हाकलले त्यांची पोथी तुम्ही आमच्या ओवीच्या चालीत लावता? मासा पकडायला गळाला आमिष लावावे, तशी त्यांनी आपली ओवी लावली." त्यांचे म्हणणे मी खोडले नाही. धर्म पसरवणे हा हेतू होताच, ग्रंथ तो लपवत नाही, आणि मूर्तिपूजेचा निषेधही त्यात आहे. ओवीच्या गोडीने १५६७ धुऊन निघत नाही. तरी मी त्यांना एवढे म्हटले, की गळ म्हणून अकरा हजार ओव्या कुणी लिहीत नाही. इतका काळ ओवी जिभेवर ठेवली की ती माणसाला घडवते. साष्टीचे लोक त्याच्याकडून ख्रिस्ताची कथा शिकले, आणि ती सांगता यावी म्हणून आधी तो त्यांच्याकडून पुराण सांगायला शिकला. शिष्य पहिल्यांदा कोण झाला? ते काही बोलले नाहीत. पुस्तक मात्र वाचायला घेऊन गेले, आणि अजून परत आलेले नाही.

ग्रंथाचे पुढे काय झाले ते ऐका. १६४९ आणि १६५४ मध्ये तो पुन्हा छापला गेला. देवळात, म्हणजे त्यांच्या इगर्जीत, मिस्सा झाल्यावर रविवारी आणि सणावारी तो गाऊन वाचत. मग राज्यकर्त्यांनाच देशी भाषा खुपू लागली. १६८४ च्या जूनमध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत पोर्तुगीज बोलायला शिकावे आणि देशी भाषा सोडावी. आधी हिंदूंची पुराणे बंद झाली होती. आता पाद्रीने त्यांच्या जागी दिलेल्या पुराणाच्या भाषेवरच गदा आली. त्या तीन छापील आवृत्त्यांपैकी एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ जगला तो हाताने केलेल्या नकलांवर, घराघरांत, रोमन अक्षरांत. गोव्यातून दक्षिणेला गेलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी तो मंगळूरपर्यंत नेला. १७८४ मध्ये टिपूने मंगळूरच्या ख्रिस्ती लोकांना कैद करून श्रीरंगपट्टणला नेले, तेव्हा त्या हालांत या ओव्यांनी त्यांना धीर दिला, अशी त्यांच्यात परंपरा सांगतात. संकटात माणूस प्रश्नोत्तरे म्हणत नाही, ओवी म्हणतो. मंगळूरलाच १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी हस्तलिखिते जमवून ग्रंथ पुन्हा छापला, म्हणून तुम्हा-आम्हाला त्याचे नाव कळले.

इथे रेव्हरंड टिळकांची आठवण होणे साहजिक आहे. त्यांनाही तीनशे वर्षांनंतर अभंग, भजन आणि कीर्तन यांवाचून चालले नाही, आणि त्यांचे ख्रिस्तायन अपुरे राहिले. पण तो स्वतंत्र विषय आहे, पुन्हा कधी.

लिपीविषयी सांगायचे राहिले. स्टीफन्सची इच्छा इथल्याच अक्षरांत ग्रंथ छापण्याची होती. १६०८ साली, म्हणजे प्रचलित मताप्रमाणे देहूला तुकोबाराय जन्मले त्याच वर्षी, त्याने रोमला आपल्या वरिष्ठांना पत्र लिहून ती बोलून दाखवली. अडचण त्यानेच सांगितली आहे: युरोपात चोवीस अक्षरांत काम भागते, इथे जोडाक्षरे धरून सहाशेच्या घरात साचे ओतावे लागतील. ते झाले नाही. मराठी ओवी रोमन ठशांत छापावी लागली.

पुढे तीनशे वर्षांनी लंडनला, विल्यम मार्सडेन या विद्वानाच्या जुन्या संग्रहात, या ग्रंथाचे एक हस्तलिखित आढळले. ते प्रकाशात आणले जस्टिन ॲबट या अमेरिकन मराठी मिशनच्या गृहस्थांनी. आपल्या एकनाथांचे चरित्र, बहिणाबाईंचे अभंग, तुकोबांचे चरित्र इंग्रजीत नेणारे तेच हे ॲबट. ते हस्तलिखित देवनागरीत आहे. साचे ओतले गेले नाहीत, पण बोरूने ती अक्षरे काढणारा कुणीतरी निघाला होता. आणि छापील परंपरेत जिथे लॅटिन-पोर्तुगीज शब्द आहेत, तिथे या पोथीत संस्कृत वळणाचे शब्द बसवलेले आहेत.